शून्य वेळ

गुरुवार, दिनांक १५ जानेवारी २०२६. सकाळी सात वाजून दहा मिनिटे. स्थळ : मौजे सदलगा, जिल्हा बेळगाव, येथील मगदूम बंधूंचे गुऱ्हाळ. हवेचे तापमान एकोणीस अंश सेल्सिअस.

एवढा मजकूर प्राध्यापक सुकुमार आदाप्पा मगदूम यांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर स्वहस्ते लिहिला, त्याखाली पट्टी धरून रेघ ओढली आणि मग मान वर करून सभोवार पाहिले. जे दिसले त्याने त्यांची नापसंती तिळभरही कमी झाली नाही. चिपाडांचे ढीग, धूर, चरकाचा पट्टा, जमिनीतल्या चुलवाणांवर ठेवलेल्या दोन काहिली, आणि त्यांच्या कडेने डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरणारी, तोंडात तंबाखू धरलेली माणसे. ह्या आवारात पन्नास वर्षे गूळ होत होता, आणि पन्नास वर्षांत एकाही मनुष्याला एकही आकडा लिहून ठेवावा असे वाटले नव्हते. किती चुना, तर 'बेताचा'. किती जाळ, तर 'जरा मोठा'. किती वेळ, तर 'होईस्तवर'. भाषेचा असा सैल वापर करणाऱ्या लोकांच्या हातून पदार्थ तयार होतो, हेच सुकुमारांना पदार्थाच्या सहनशीलतेचे लक्षण वाटे.

बेळगावच्या महाविद्यालयात त्यांनी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले होते, आणि त्यातही अभिक्रियेचा वेग हा त्यांचा खास विषय. 'काय होते' हे कोणीही सांगेल. 'किती वेळात होते' हे ज्याला सांगता येते तोच रसायनशास्त्रज्ञ, असे ते पहिल्याच तासाला बजावीत. निवृत्तीला दोन वर्षे झाली होती. ह्या दोन वर्षांत त्यांना कोणी काहीही विचारले नव्हते. फक्त एकदा शेजाऱ्याने पाण्याच्या टाकीत किती तुरटी टाकावी असे विचारले, आणि त्यांनी दिलेले उत्तर पूर्ण ऐकण्यापूर्वीच तो निघून गेला.

मग गेल्या दिवाळीत सदलग्याला आले असताना त्यांनी धाकट्या भावाला, अभिनंदनला, सुनावले.

"तुझा गूळ दर वेळी वेगळा का होतो, ठाऊक आहे तुला?"

"ऊस येगळा असतोय, अण्णा."

"ऊस नव्हे. वेळ. उसाच्या रसातली साखर रस निघाल्या क्षणापासून फुटू लागते. फुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत. ती जितकी जास्त, तितका गूळ मऊ आणि चिकट. ती किती वेगाने फुटते हे मोजता येते. तुझा गुळव्या मोजतो का?"

"परशराम चाटून बघतोय," अभिनंदन म्हणाला, आणि वर हसला. हसायला नको होते.

पुढचे दोन महिने सुकुमारांनी वेग मोजला. अभिनंदनची मुलगी चंदना निपाणीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्रच शिकवीत होती. तिच्या प्रयोगशाळेत ध्रुवणमापी होता. आपल्या डोळ्यांदेखत तोडलेला ऊस आपल्या डोळ्यांदेखत पिळून घ्यायचा, बाटल्या बर्फात ठेवून निपाणीला न्यायच्या, आणि वीस, पंचवीस, तीस अंशांच्या पाण्यात ठेवून दर दहा मिनिटांनी नळीतून प्रकाश पाहायचा. अखंड साखर प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते. ती फुटू लागली की तो कोन उतरू लागतो. कोन किती उतरला त्यावरून साखर किती फुटली, आणि त्यावरून वेग. नव्वद वाचने घेतली. एकही खोडली नाही. शेवटी एका पानाचे कोष्टक तयार झाले, आणि त्या कोष्टकाने स्वच्छ सांगितले की थंडीच्या दिवसांत रस टाकीत तीन तास उभा ठेवला तरी शंभरातला एक भागही फुटत नाही. म्हणजे तो खुशाल निवळू द्यावा, गाळ आपोआप खाली बसेल, भेंडीच्या चिकट पाण्याची गरज राहणार नाही, आणि सोन्यासारखा गूळ निघेल. रस पडताच तो घाईघाईने काहिलीत ओतण्याची इथली रीत म्हणजे निव्वळ भित्रेपणा होता.

पैज अशी ठरली. एकाच ट्रॉलीचा ऊस, दोन काहिली. एकीवर परशराम, आपल्या पद्धतीने. दुसरीवर सुकुमार, कोष्टकाप्रमाणे. सुकुमारांचा गूळ बसला आणि उजळ निघाला, तर दुसऱ्या दिवसापासून दोन्ही काहिली कोष्टकावर चालायच्या आणि परशरामने घरी जायचे. नाही बसला, तर सुकुमारांनी काहिलीपाशी पुन्हा उभे राहायचे नाही. परशराम अठ्ठावीस वर्षे ह्या काहिलीवर होता. हंगाम निम्मा उरकलेला. आता कोणत्याही गुऱ्हाळाने त्याला उभे केले नसते. त्याने अट ऐकली, टॉवेल झटकला, आणि विचारले, "कवा?"

"कर," सुकुमार म्हणाले. "संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी."

हा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. करीच्या दिवशी ह्या भागात कोणी नवे काम काढीत नाही. शिकलेली माणसेही गाडीचा हप्ता त्या दिवशी भरीत नाहीत. इतक्या मूर्ख समजुतीला चपराक द्यायची तर तिच्याच दिवशी द्यावी, असा त्यांचा हिशेब.

आणि आता तो दिवस उजाडला होता. गुळाच्या बादल्या घासणारी नागुबाई, जिने ह्या घराण्याच्या तीन पिढ्यांचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपी, पालथे घातले होते, त्यांच्यासमोर तिळगुळाची पुडी घेऊन उभी राहिली.

"घ्या, सुकुमारअण्णा. काल आला न्हाईसा. गोड बोला म्हणत्यात."

"मी नेमके बोलतो, नागुबाई. गोड बोलायला दुसरे लोक आहेत."

"व्हय की. म्हणूनच तर दोन खडे जादा घातल्यात." तिने पुडी वहीवर ठेवली. "पर करीला काम काढायचं म्हंजे..."

"म्हणजे काय?"

"काय न्हाय. पुस्तकात नसंल ते."

ट्रॉली आली. परशराम नेहमीप्रमाणे तिच्याकडे चालत गेला आणि ट्रॅक्टरवाल्याला विचारले, "कोयता कवा लागला?" दर ट्रॉलीला तो हा प्रश्न विचारी. सुकुमारांना हा प्रश्न, पाहुण्याला 'घरून किती वाजता निघालात' असे विचारण्यासारखा, निरर्थक शिष्टाचार वाटे. ट्रॅक्टरवाल्याने काय उत्तर दिले ते चरकाच्या आवाजात ऐकू आले नाही. शिवाय त्या क्षणी ते थांबते घड्याळ शून्यावर आणीत होते, आणि घड्याळ शून्यावर आणताना ते जगातले दुसरे काहीही ऐकत नसत. परशरामने एक ऊस ओढून घेतला, बुडख्याला दात लावला, चोथा थुंकला आणि दुसऱ्या उसाला लावला. मग शेंडे आणि बुडखे वीतवीतभर तोडायला सांगितले, पण फक्त आपल्या वाट्याच्या उसाचे.

"सर," तो जवळ येऊन म्हणाला, "ऊस जरा..."

"परशराम, तुझी पद्धत तुझ्या काहिलीत. माझे कोष्टक तयार आहे."

परशरामने क्षणभर वहीकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. हा एक शब्द तो चार तऱ्हांनी म्हणू शके. ही चौथी तऱ्हा होती.

चंदना टाकीपाशी पेन घेऊन उभी होती. वाचने लिहून घेण्याचे काम तिच्याकडे. सुकुमारांनी रसातली साखर मोजणाऱ्या, हातातल्या ब्रिक्समापकाच्या काचेवर रसाचा थेंब सोडला, उजेडाकडे धरून पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"एकवीस."

"एकवीस?" चंदनाने लिहिता लिहिता वर पाहिले. "डिसेंबरात एकोणीसच्या वर कधी गेलं नव्हतं, काका."

"ऊस पिकला. चांगले लक्षण आहे."

"आणि शून्य वेळ कुठून धरू?"

ह्या प्रश्नाने सुकुमारांचे कपाळ आक्रसले. अकरा वर्षांपूर्वी हीच मुलगी त्यांच्या वर्गात होती. चंचुपात्राखालच्या कागदावर काळी फुली काढायची, वर दोन द्रावणे मिसळायची आणि गढूळपणाने फुली दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा, हा पहिल्या वर्षाचा साधा प्रयोग. आणि तिने द्रावण ओतल्यावर नाक पुसले आणि मग घड्याळ दाबले. त्यांनी तिच्या प्रयोगवहीत लाल शाईने लिहिले होते : 'शून्य वेळ चुकली. प्रयोग रद्द.' पुतणी म्हणून एक अक्षर कमी केले नव्हते. आख्ख्या वर्गासमोर ते म्हणाले होते की अभिक्रिया तुमच्या सोयीने सुरू होत नसते, आणि जो घड्याळ उशिरा दाबतो तो रसायनशास्त्रज्ञ नव्हे, बघ्या होय. महिनाभर तिला तो प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागला होता.

"अजून हे विचारावे लागते?" ते म्हणाले. "रस चरकातून पडतो तो क्षण. लिही. सात वाजून बेचाळीस."

"उसाच्या आत..."

"उसाच्या आत काय चालते ते उसाला विचार. आपण रस मोजतो आहोत."

तिने लिहिले.

परशरामचा रस पडताच काहिलीत गेला. चुलवाणात चिपाडे लोटली गेली, मळी वर आली, ती त्याने झाऱ्याने काढली, भेंडीचे पाणी ओतले, पुन्हा काढली. मग चुन्याचे पाणी. एक वाटी, थोडा वेळ थांबून आणखी एक. सुकुमारांनी आपल्या वहीत नोंद केली : 'चुना दुप्पट. कारण सांगितले नाही.' आणि त्याच्या शेजारी एक बारीक उद्गारचिन्ह काढले. ती त्यांची सभ्य भाषेतली शिवी होती.

त्यांचा स्वतःचा रस मात्र टाकीत शांत निवळत होता. ते खुर्चीवर बसले होते. दर वीस मिनिटांनी तापमापी. बावीस. तेवीस. चोवीस. कोष्टकाच्या तीन तासांच्या मर्यादेत सारे सुरळीत. दहाच्या सुमारास परशरामने गरम पाकाचा थेंब पाण्यात सोडला, बोटांनी त्याची गोळी वळली, ती काहिलीच्या कडेवर आपटली, आवाज ऐकला आणि "उतरा" म्हणाला. चार माणसांनी काहील पाक निववायच्या उथळ वाफ्यात उलटली. जगातला एक अत्यंत गुंतागुंतीचा निर्णय एका मनुष्याने टणक असा आवाज ऐकून घेतला, आणि कोणालाही त्यात आश्चर्य वाटले नाही, ह्याचे सुकुमारांना आश्चर्य वाटले.

दहा बेचाळीसला त्यांनी आपला रस काहिलीत सोडायला सांगितले. तो खरोखर नितळ होता. अभिनंदनसुद्धा वाकून बघून म्हणाला, "अण्णा, तळ दिसतोय की." सुकुमारांच्या मते वस्तुस्थितीला दुजोऱ्याची गरज नव्हती. चुना त्यांनी तराजूवर तोलून टाकला. पाक आटू लागला. एकशे पाच अंश, एकशे दहा. सव्वा वाजता एकशे सोळा.

परशराम काहिलीपासून चार हातांवर, कराराप्रमाणे हात मागे बांधून उभा होता.

"सर, फेस पिवळा यायला लागलाय."

"फेसाचा रंग हे मोजमाप नव्हे."

"न्हाय, नुसतं म्हटलं."

एकशे अठरा. सुकुमारांनी हात वर केला. "उतरा."

"गोळी बघू का जरा?" परशरामने विचारले.

"एकशे अठरा अंश झाले आहेत, परशराम."

"अंश झालं असतील," परशराम म्हणाला.

काहिलीभोवतीची माणसे खाली बघून हसली. सुकुमारांनी ते हसू पाहिले आणि मनातल्या मनात त्यांना माफ केले, कारण उद्यापासून हीच माणसे त्यांच्या घड्याळाकडे बघून काम करणार होती. वाफ्यात पाक घोटला गेला. परशरामचा गूळ घोटताना दाटून फावड्याला धरला होता. हा फावड्यावरून रेशमासारखा ओघळत राहिला. रंग मात्र सुंदर होता. त्यांनी रंगाकडे पाहिले आणि ओघळण्याकडे पाहायचे टाळले. फडके घातलेल्या बादल्या भरल्या गेल्या : परशरामच्या चार एका ओळीत, सुकुमारांच्या चार दुसऱ्या.

जेवण झाले. चार वाजेपर्यंत कोणीही बादल्यांना हात लावायचा नाही, असे लेखी ठरले होते. ते लेखी सुकुमारांनीच ठरवले होते, आणि निकाल देणारी व्यक्ती दोन्ही पक्षांबाहेरची असावी असेही. म्हणून नागुबाई. तिला काही कळत नाही, हीच तिची पात्रता होती : बादली पालथी घालायची, फडके ओढायचे, आणि जे दिसेल ते सांगायचे.

चारच्या ठोक्याला तिने परशरामची पहिली बादली उचलली, पालथी घातली, बुडावर दोन थापा मारल्या आणि बादली वर ओढली. रवा उभा राहिला. रंग नेहमीपेक्षा काळसर होता, कडा थोड्या ओलसर. पण उभा होता.

"ह्यो बसलाय," ती म्हणाली.

मग सुकुमारांची. तिने बादली पालथी घातली, थापा मारल्या, वर ओढली. सोनेरी ढिगारा फडक्यासकट हळूहळू रुंदावला, फरशीच्या सांध्यात शिरला आणि तिच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत येऊन थांबला. तिने अंगठा मागे घेतला.

"ह्यो न्हाय बसला."

"दुसरी," सुकुमार म्हणाले.

दुसरीही तशीच. तिसरी तिने घातलीच नाही. नुसते बोट खुपसले आणि चाटले. "काकवी हाय, अण्णा. भाकरीसंगं लई ग्वाड लागंल." मग पदराला बोट पुसत सहज म्हणाली, "म्हटलं हुतं न्हवं, कर हाय आज. करीला काढल्यालं काम बसत न्हाय."

कोणी हसले नाही, आणि ते हसण्याहून वाईट होते. चुलवाणात जाळ घालणारा म्हातारा मान डोलावत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार, दयाळू शांतता पसरली : बिचाऱ्या सरांचा दोष नाही, दिवसच खोटा.

अभिनंदन जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "अण्णा, सोड. मनावर घिऊ नको. करीचा दिवस हुता, कुणीबी हेच म्हणंल. आइतवारी परत लावू की दोन्ही काहिली. परशरामलाबी मी सांगतो. आजचा धरायचाच न्हाय."

सुकुमारांनी भावाकडे पाहिले. वाट सोपी होती. करीला दोष द्यायचा. रविवारी पुन्हा उभे राहायचे. काहील अजून हातची गेलेली नव्हती. त्यांना फक्त मान हलवायची होती. पण मान हलवली की पुढची पन्नास वर्षे ह्या आवारात सांगितले गेले असते की पीएच. डी. झालेल्या मनुष्यानेसुद्धा करीपुढे हात टेकले. नागुबाईची अक्कल एका वाफ्यात कायमची बसली असती, आणि तीही त्यांच्याच साक्षीने.

"दिवसाचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "परशराम, इकडे ये. चुना दुप्पट का घातलास?"

"ऊस उतरल्याला हुता, सर."

"उतरलेला म्हणजे?"

"पडून हुता. बुडखा चावला तर आंबूस लागला. वजनालाबी हलका." परशराम जमिनीकडे बघत बोलत होता. "म्हणून लगीच आधण ठेवलं. उतरल्याला ऊस थांबत न्हाय. सकाळी सांगाय आलतो तुमास्नी."

"आलास, आणि परत गेलास."

"तुमी परत लावलं, सर."

"किती वेळ पडून होता?"

परशरामने अभिनंदनकडे पाहिले. अभिनंदनला ह्या चौकशीत पुढे जायचे नव्हते, हे त्याच्या उभे राहण्यावरून दिसत होते. सुकुमारांनी हात पुढे केला. "तोडणाऱ्यांच्या मुकादमाला फोन लाव. मोठ्याने ऐकू येईल असा."

मुकादम शामू फोनवर आला. मागे टीव्ही चालू होता. कन्नडमध्ये अभिनंदनने ऊस केव्हा तोडला ते विचारले.

"मोन्ने री, सावकार," शामूचा आवाज आला. "भोगीच्या दिवशी, मुंजाने. निन्ने हब्ब इत्तल्ला."

मोन्ने. परवा सकाळी. काल सण, टोळी सुट्टीवर, ऊस पाल्याखाली झाकून शेतात पडलेला, आणि आज सकाळी ट्रॉलीत भरून आलेला. सुकुमारांनी मनात वजाबाकी केली. सात बेचाळीसला त्यांनी दाबलेले घड्याळ अठ्ठेचाळीस तास उशिरा दाबलेले होते. ज्या क्षणी कोयता लागतो त्या क्षणी उसाच्या आतच साखर फुटू लागते. नव्वद वाचनांत त्यांनी हे कधी पाहिले नाही, कारण नव्वदही वेळा ऊस त्यांच्या डोळ्यांदेखत तोडलेला होता. एकवीसचा तो आकडा पिकलेल्या उसाचा नव्हता, सुकलेल्या उसाचा होता; ब्रिक्समापकाला अखंड साखर आणि फुटलेली साखर सारखीच दिसते, हे ते दर वर्षी शिकवीत आले होते. आणि जो शेतात दोन दिवस फुटत आला होता, तो रस त्यांनी आणखी तीन तास टाकीत निवळायला ठेवला होता. सणाची सुट्टी कोणाला ठाऊक नव्हती? त्यांना ठाऊक होती. त्यांनी ती तारीख सणाला चिकटूनच निवडली होती. आणि ह्या टॉवेल गुंडाळलेल्या मनुष्याने, ज्याला सेकंद आणि मिनिट ह्यांतला फरक सांगता आला नसता, दर ट्रॉलीला, अठ्ठावीस वर्षे, तोच एक प्रश्न विचारला होता जो ह्या शास्त्रातला पहिला प्रश्न आहे.

त्यांना परशरामबद्दल आदर वाटला असे म्हणणे खोटे होईल. त्यांना त्याच्या भाषेची अजूनही किळस आली. 'उतरल्याला' हे काय मोजमाप झाले? पण आपल्याबद्दल जे वाटले ते त्याहून कितीतरी वाईट होते, आणि ते त्यांना फार ओळखीचे वाटले. चौतीस वर्षे ते हीच भावना लाल शाईने इतरांच्या वह्यांत उतरवीत आले होते.

"अण्णा," अभिनंदन म्हणाला, "मग आइतवारी..."

"रविवारी काही नाही. आणि नागुबाई, ऐक. दिवस शुद्ध होता. दिवसाने काही केलेले नाही. ते काकवीत बोट घालणे आधी थांबव."

"बरं," नागुबाई म्हणाली, आणि बोट चाटले.

चंदना वही उराशी धरून उभी होती. काकांकडे ती पाहत नव्हती. फुटून पसरलेल्या सोनेरी गुळाकडे पाहत होती. सुकुमारांनी खिशातले लाल पेन काढून तिच्यापुढे धरले.

"पहिल्या पानावर, वेळेच्या खाली लिही," ते म्हणाले. "अक्षर नीट काढ."

तिने पेन घेतले, टोपण काढले आणि थांबली.

"काय लिहू?"

"तुला पाठ असेल," ते म्हणाले. "शून्य वेळ चुकली. प्रयोग रद्द. काहिलीवर परशराम."